मूठभर धान्याचा इतिहास

'फूड बँके'चा इतिहास सांगताना बहुधा १९६७ सालच्या अमेरिकेतील फिनिक्स शहरापासून, जॉन व्हॅन हेंगेल यांच्या उपक्रमापासून आरंभ केला जातो. आम्हांला मात्र त्याआधीच्या कृष्णाकाठच्या एका प्रयोगाचे स्मरण होते. तो म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांचा 'मुष्टिफंड'.

भाऊरावांचे घराणे ऐतवडे बुद्रुकचे. आज सांगली जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. सर्व जातींच्या मुलांनी एका पंक्तीत जेवावे, हा तेथील दंडक. पण पंक्तीत वाढायचे काय, हा रोजचा प्रश्न होता. त्याचे एक उत्तर मुष्टिफंडाने दिले: गृहिणीने दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला ठेवायचे आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यायचे.

माधुकरी आणि वारावरचे जेवण या प्रथा आपल्याकडे जुन्याच. परंतु त्यांची दारे जातीच्या उंबरठ्याशी थांबत आणि मागणाऱ्याची मान खाली जाई. मुष्टिफंडात अनेक घरांची ज्वारी एका पोत्यात मिसळे. कोणाची मूठ कोणाच्या ताटात गेली, हे कळण्यास मार्ग नसे. शिवाय जेवणारी मुले संस्थेसाठी श्रमही करीत. दान आणि भिक्षा यांतील अपमानाचा काटा असा निघाला.

आणखी एक भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आधुनिक फूड बँक मुख्यतः उरलेल्यावर चालते. मुष्टिफंड मात्र ज्यांच्या घरी फारसे उरत नसे, त्यांच्यावर उभा होता. तरीही तो पुरा पडत नसे. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांचे नाव निदान इतिहासात उरले. मुठी बाजूला ठेवणाऱ्या असंख्य बायांची नावे कोणत्याही वहीत नाहीत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकरांसाठी मदतीचा ओघ लागला होता. संकटात आपला हात सढळ होतोच. पण पूर नसताना, दुष्काळ नसताना, रोजच्या दळणातून परक्याच्या लेकरासाठी एक मूठ काढणे अवघड. रयतेची शाळा त्या अवघड सवयीवर उभी राहिली, एवढे आपण विसरू नये.