आम्लवृष्टीचा पूर्वेतिहास



पावसाचें पाणी शुद्ध असतें, हें वाक्य आपण सर्वांनीं लहानपणीं पाठ केलें. मीहि तें वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. त्या वाक्यास मँचेस्टर शहरीं १८५२ सालींच तडा गेला होता, हें मला पेन्शनींत निघाल्यावर कळलें!

रॉबर्ट अँगस स्मिथ ह्या स्कॉच रसायनज्ञानें तेथील हवा व पाऊस ह्यांची परीक्षा केली. दूरच्या शेतांवर अमोनियाचा कार्बोनेट, उपनगरांत सल्फेट, आणि ऐन शहरांत मोकळें गंधकाम्ल, असा क्रम त्यास आढळला. दगडी कोळशांतील गंधक जळून वायुरूप होतो व पुढें आम्ल बनून पावसाबरोबर खालीं उतरतो. १८७२ च्या आपल्या ग्रंथांत स्मिथनें ह्यास ‘आम्लवृष्टि’ म्हटलें.

शेतकऱ्यांचें गाऱ्हाणें मात्र ह्याहून जुनें. सोड्याच्या कारखान्यांत मिठावर गंधकाम्ल ओतीत. त्यांतून निघणारा हायड्रोक्लोरिक वायु धुराड्यांवाटे सुटे आणि भोंवतालचीं कुंपणें, झाडें, पिकें करपून जात. कोर्टांत जावें, तर दहा धुराड्यांपैकीं नेमक्या कोणत्या धुरानें पीक गेलें, हें सिद्ध कोणीं करावयाचें? अखेर १८६३ च्या कायद्यानें शेंकडा ९५ भाग वायु कोंडून घेण्याची सक्ती झाली व स्मिथ त्याचे मुख्य निरीक्षक झाले. कोळशाच्या धुरास मात्र त्या कायद्यानें हात लावला नाहीं.

त्या धुराचा हिशेब लीड्स येथें क्रौदर व रस्टन ह्यांनीं १९११ सालीं मांडला. विरळ आम्लाचें पाणी घातलेलें गवत खुरटलें. जमिनींत नत्राचें खाद्य सिद्ध करणारे सूक्ष्म जंतूहि मंदावले.

वनस्पतीच्या देहांत घडतें तें असें. पानाच्या रंध्रांतून गंधकाचा वायु आंत शिरतो. तीव्र आम्लामुळें हरितद्रव्यांतील मॅग्नेशियम सुटतें आणि हिरवा रंग मळकट तपकिरी होतो. पानांतील चुना व पोटॅश धुपून जातात. जमिनींत तर अधिक कपट! मातींत बांधलेलें ॲल्युमिनियम आम्लानें मोकळें होतें आणि मुळांचीं टोकें खुंटवितें. वरून पाहणाऱ्यास पीक नुसतें मलूल दिसतें.

परंतु गंधक हें झाडाचें अन्नहि आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ब्रिटनमधील धूर कमी होत गेला, तेव्हां तेथील मोहरीच्या जातीच्या तेलबियांत गंधकाची उणीव दिसूं लागली, आणि पूर्वी आकाशांतून फुकट पडणारा गंधक शेतकऱ्यांस खत म्हणून विकत आणावा लागला.