फिरंग रोग ते विंडो पिरियड : गोव्यातल्या एका भीतीचा इतिहास

रोगांचा इतिहास लिहिणारे बहुधा जंतूंचा, औषधांचा आणि मृतांच्या आकड्यांचा इतिहास लिहितात. रोगाच्या भीतीचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. तो गोव्यापुरता मांडायचा हा छोटा प्रयत्न.

निमित्त आजचंच आहे. एखाद्याचा अनोळखी व्यक्तीशी संबंध येतो. कंडोम वापरलेला असतो, किंवा गोष्ट चुंबनापलीकडे गेलेलीही नसते. तरी पुढचे तीन महिने त्याला झोप लागत नाही. घसा धरला की एचआयव्ही, अंगावर पुरळ उठलं की एचआयव्ही. चाचणी निगेटिव्ह आली तर तो दुसऱ्या लॅबमध्ये जातो. ही भीती विषाणूच्या हिशोबातून आलेली नाही हे उघड आहे. मग ती आली कुठून?

पहिला धागा सोळाव्या शतकात सापडतो. भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंग रोग’ येतो. ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात तोच हा, म्हणजे सिफिलिस. फिरंग्यांच्या देशात हा फार, आणि त्यांच्या अंगसंगाने तो होतो, असं ग्रंथकार सांगतो. उपाय म्हणून चोपचिनी सुचवतो. याच चोपचिनीबद्दल गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात सविस्तर लिहिलं आहे. युरोपातही वेगळं काही चाललं नव्हतं. इटलीतले लोक याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. म्हणजे रोग नेहमी ‘त्यांचा’, आणि आपल्याला झाला तर ती आपल्या पापाची शिक्षा. नाव ठेवतानाच दोष चिकटवायची ही सवय चारशे वर्षांनी जशीच्या तशी कामाला आली.

१९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत एचआयव्ही असल्याचं दाखवून दिलं. देशात खळबळ उडाली. गोव्याने सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधित व्यक्तीला अलग ठेवण्याची तरतूद केली.

या तरतुदीचा फटका बसला बार्देशातल्या पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला. तो नियमित रक्तदाता. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांकरवी बोलावून घेतलं आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात ठेवलं. एकूण ६४ दिवस. गुन्हा काही नाही, आणि नेमकं काय झालंय हे त्याला नीट समजावूनही सांगितलेलं नाही. त्याची आई ल्यूसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. बाजू मांडली आनंद ग्रोव्हर यांनी. डॉमिनिक घरी आला, पण डिसेंबर १९८९ च्या निकालात न्यायालयाने ते कलम वैधच ठरवलं. व्यक्तीचा हक्क आणि सार्वजनिक हित यांची टक्कर झाली तर सार्वजनिक हित वरचढ, असा त्याचा रोख होता. कलमातली सक्ती मात्र तोवर दुरुस्तीने सैल झाली होती. डॉमिनिकने १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला.

माझ्या मते गोव्यातल्या या भीतीचं मूळ इथे आहे. त्या ६४ दिवसांनी लोकांना रोगापेक्षा चाचणीचं भय शिकवलं. रिपोर्ट म्हणजे पोलीस, कुलूप आणि गावभर बोभाटा. अशा वेळी ज्याने तपासून घ्यायला हवं तोच लपतो. कायदा आणला होता साथ रोखायला, आणि परिणाम झाला नेमका उलटा.

मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे आकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही. जोडीदार बाधित आहे, उपचार घेत नाही आणि कंडोमही नाही, असं धरलं तरी योनीमार्गे एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ४, स्त्रीला सुमारे ८. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्याला ती सुमारे १३८. बाधित रक्त चढवलं तर मात्र ९,२५०. चुंबन, मिठी, एका ताटात जेवण यांनी लागण होत नाही. हे सरासरी अंदाज आहेत. गुप्तरोगाची जखम असेल तर धोका वाढतो, आणि एका वेळीही लागण होऊ शकते. म्हणून आकड्यावर विसंबून गप्प बसायचं नाही, आणि आकडा विसरून रात्री जागायच्याही नाहीत.

आज याला रस्ता आहे. खरोखर धोक्याचा संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे गेल्यास प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा काळ म्हणजे विंडो पिरियड. चौथ्या पिढीच्या लॅब-चाचणीत तो साधारण ४५ दिवसांत संपतो, जुन्या पद्धतीच्या अँटिबॉडी-चाचणीत तीन महिने धरतात. त्यानंतरची निगेटिव्ह चाचणी म्हणजे उत्तर मिळालं. तिसऱ्या-चौथ्या लॅबमध्ये विषाणू सापडत नाही, कारण शोधतोय तो अपराधीपणा, आणि तो रक्तात नसतो. तेव्हा समुपदेशकाशी बोलावं. सरकारी केंद्रांत चाचणी आणि समुपदेशन मोफत आहे. १०९७ या हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येतं.

कायदाही बदलला. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, माहिती गुप्त ठेवायची, आणि बाधिताला वेगळं काढणं हा भेदभाव. डॉमिनिकच्या वेळी यातलं एकही कलम नव्हतं. तरी गोव्यात लग्नाआधी चाचणी सक्तीची करायची सूचना सरकारी पातळीवरून २००६ मध्ये आली, २०१९ मध्ये पुन्हा आली. सक्तीचा मोह इतक्या सहजी सुटत नाही.

चोपचिनी इतिहासजमा झाली. ‘त्यांचा रोग, आपलं पाप’ हे समीकरण अजून चालू आहे. पर्र्याच्या त्या तरुणाची आठवण ठेवायची ती एवढ्यासाठी, की मनात शंका आलेल्या माणसाला चाचणी-केंद्राच्या दारातून निर्धास्त आत जाता यावं.