लिनक्सला एक्स्टर्नल ड्राइव्ह दिसेनासा होतो तेव्हा

माझ्या एका एक्स्टर्नल ड्राइव्हवर वस्तीतल्या चौदा ज्येष्ठ महिलांच्या मुलाखती होत्या. त्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. एके सकाळी ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला, त्याचा दिवा लागला, पण फाइल्सच्या खिडकीत काहीच आले नाही. एका जाणकार मित्राने लगेच सल्ला दिला, ‘फॉरमॅट मार, चालू होईल.’ ड्राइव्ह चालू झालाही असता, मुलाखती मात्र गेल्या असत्या. दोष शेवटी केबलमध्ये निघाला.

आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट वापरतात. परवाना फुकट, मशीन हलके, म्हणून ते योग्यच आहे. पण अडचण आली की लिनक्स जाणणारा माणूस जवळपास नसतो. म्हणून हे टिपण. यातल्या आज्ञा देवनागरीत अक्षर सुटे करून लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधल्या रेघा न देता टाइप करायच्या.

‘ड्राइव्ह दिसत नाही’ या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. ड्राइव्हला वीज आणि केबल नीट मिळत नसेल. वीज मिळूनही कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, उपकरण ओळखले नसेल. ओळखले असेल, पण त्यावरची फाइल सिस्टिम वाचता येत नसेल. किंवा सगळे ठीक असून ड्राइव्ह फक्त माउंट झाला नसेल. साखळी कुठे तुटली हे कळेपर्यंत ड्राइव्हवर काहीही लिहायचे नाही. फॉरमॅट तर नाहीच, ‘रिपेअर’चे बटणही नाही, कारण दुरुस्ती म्हणजेसुद्धा डिस्कवर लिहिणेच असते.

सुरुवात कर्नलचे म्हणणे ऐकण्यापासून करा. ड्राइव्ह काढून ठेवा, टर्मिनल उघडा आणि एस-यू-डी-ओ, जागा, डी-एम-ई-एस-जी, जागा, वजाचे चिन्ह आणि त्याला चिकटून डब्ल्यू असे टाइप करा. पासवर्ड द्या. आता ड्राइव्ह जोडा आणि पडद्यावर नव्या ओळी येतात का ते पाहा. एकही ओळ आली नाही तर दोष बहुधा केबल, पोर्ट किंवा वीज यांत आहे. ओळी आल्या, पण त्यांत उणे 71 किंवा उणे 110 असा एरर दिसला, तर उपकरण बोलायला लागते आणि मध्येच अडखळते, असे समजा. 71 म्हणजे संवादाच्या नियमांत गडबड, 110 म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपली. दोन्ही वेळा पहिला संशय केबलवरच घ्यावा.

केबलबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण नवखे लोक तिच्याकडे सगळ्यात शेवटी बघतात. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांनी दिवा लागतो, पण माहितीच्या तारा आत नसतातच. पोर्टेबल हार्ड डिस्कला रुंद, दोन भागांची मायक्रो पिन असेल तर तिचे सॉकेट लवकर सैल होते. अशा वेळी मोबाइलची जुनी साधी मायक्रो यूएसबी केबल त्याच सॉकेटच्या मोठ्या भागात लावून बघा. ती बसते, वेग यूएसबी 2 चा मिळतो, पण फाइल्स निघतात. वीज हा दुसरा मुद्दा. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलिअँपिअरपर्यंत वीज देण्यासाठी बनवलेला असतो, यूएसबी 3 चा 900 पर्यंत. फिरती डिस्क सुरू होताना जास्त वीज ओढते. म्हणून एकाच पोर्टवर माउस, कीबोर्ड आणि ड्राइव्ह लावलेला स्वस्तातला हब आधी बाजूला ठेवा. ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, मग दुसऱ्या पोर्टला. आतून पुन्हा पुन्हा ‘टक टक’ असा आवाज येत असेल तर तिथेच थांबा आणि ड्राइव्ह काढा. ते यांत्रिक दुखणे आहे आणि प्रत्येक प्रयत्नागणिक ते वाढू शकते.

काही ड्राइव्ह आधी नीट दिसतात आणि मोठी फाइल कॉपी होताना गायब होतात. संदेशांत ‘यूएएस’ आणि ‘रीसेट’ हे शब्द वारंवार येत असतील तर ड्राइव्हच्या डबीतली जोडणारी चिप यूएएस या वेगवान पद्धतीशी जुळवून घेत नाही, अशी शक्यता धरा. कर्नलला बूट करताना सूचना देऊन त्या एका ड्राइव्हपुरती जुनी, संथ पद्धत वापरता येते. बॅटरी वाचवणारे टीएलपीसारखे सॉफ्टवेअर असेल तर त्यातली यूएसबी झोपवण्याची सोय बंद करून पाहा. आणि नुकतेच अपडेट घेतले असेल तर आधी रीस्टार्ट करा. आर्चसारख्या काही वितरणांत नवे कर्नल बसताना चालू कर्नलचे मॉड्यूल काढून टाकले जातात, मग चांगला ड्राइव्हही ओळखला जात नाही.

संदेश व्यवस्थित आले तर पुढची आज्ञा: एल-एस-बी-एल-के, जागा, वजाचे चिन्ह आणि त्याला चिकटून एफ. यात प्रत्येक डिस्कचे नाव, फाइल सिस्टिम आणि ती कुठे माउंट आहे ते दिसते. तुमचा ड्राइव्ह यादीत आहे पण माउंटची जागा रिकामी आहे, तर ‘डिस्क्स’ हे साधन उघडून त्या विभागावर माउंटचे बटण दाबा. एनटीएफएस असेल आणि माउंट नाकारले जात असेल तर तो ड्राइव्ह शेवटी विंडोजमधून सेफली रिमूव्ह न करता ओढून काढला होता का, हे आठवा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलेले विंडोज बंद करतानाही असे घडते. त्याच विंडोज मशीनला ड्राइव्ह जोडून, मशीन पूर्ण बंद करण्याऐवजी रीस्टार्ट करून, मग रीतसर काढल्यास बरेचदा प्रश्न मिटतो.

ड्राइव्ह यादीत आहे, पण वाचताना अडकतो, एररवर एरर येतात, तर ‘डिस्क्स’मध्येच स्मार्ट डेटा पाहा. सगळ्या डबीतल्या चिपा तो दाखवत नाहीत. दिसलाच आणि त्यात रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर डिस्क जात आहे. फाइल सिस्टिम दुरुस्त करत बसू नका. तितक्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण प्रत काढा. उबुंटूत त्याचे पॅकेज नावाआधी जी लावून मिळते. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, खराब भाग शेवटी ठेवते. मॅप फाइल दिली तर मध्येच वीज गेली तरी काम पुढे सुरू होते. स्रोत कोणता आणि नवी डिस्क कोणती, हे दोनदा वाचल्याशिवाय एंटर दाबू नका. उलटे झाले तर सगळे पुसले जाते. ‘टेस्टडिस्क’ किंवा ‘फोटोरेक’ चालवायचे ते या प्रतीवर.

डबी उघडून आतली डिस्क थेट जोडण्याचा मोह अनेकांना होतो. चिप बिघडली असेल तर तो उपाय लागूही पडतो. पण काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे सॉकेट डिस्कच्याच बोर्डवर असते, आणि काहींमध्ये ती चिपच माहिती सांकेतिक करून लिहिते. तिच्याशिवाय आतले काही वाचता येत नाही. अशा वेळी दुकानाचा रस्ता धरावाच लागतो. अत्याचाराच्या प्रकरणातले जबाब, पीडितांची नावे, जातीच्या दाखल्यांच्या प्रती त्या ड्राइव्हवर असतील तर दुकानदाराला ते उघडून दिसणार आहे, हे ज्यांची कागदपत्रे आहेत त्यांना आधी सांगा. काम झाल्यावर त्याच्या मशीनवरची प्रत तुमच्यासमोर पुसून घ्या.