दप्तर तेच, रुमाल नवा

माणसाचा हुद्दा जितका लांबलचक, तितकं त्याचं काम घरच्यांना कमी कळतं. शिनोलीचा आमचा भाचा पुण्यात 'डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर' आहे. त्याची आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, एकदा त्याला म्हणाल्या, "बाबा, तू नेमकं करतोस तरी काय?" तो म्हणाला, "लोकांच्या नोंदी असतात, त्या नीट ठेवायच्या. हरवू द्यायच्या नाहीत आणि भलत्याचा हात लागू द्यायचा नाही."

"मग सरळ कुलकर्णी म्हण की!"

भाचा हिरमुसला. साहजिकच आहे. नवी आवृत्ती आली की त्यानं नवा अभ्यास करायचा, गळ्यात बिल्ला अडकवून परिषदांत भाषणं ऐकायची, आणि एवढं करून पदरात काय, तर कुलकर्णीपण! पण मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी. कॉम. नोंद दिसली की तिचं मूळ शोधायची मला खोड आहे. माझ्या मते आजीबाईंनी टोमणा मारलेला नाही, इतिहास सांगितला आहे.

कुलकर्णी गावाचं दप्तर राखायचा. त्यासाठी बोरू न उचलता सरसर मोडी लिहिता यायला हवी. १८१८ साली पेशवाई बुडाली, पण तिचे कागद राहिले. पुण्याच्या पुराभिलेखागाराची इमारत १८९१ची. तिथं रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले निवडक छापले, तरी ४५ खंड भरले! ज्यांनी ते लिहिले त्या कारकुनांना पगारवाढ मिळाली की नाही, देव जाणे.

पुढे इंग्रजांनी १९०३ साली मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदणीचा कायदा आणला. त्यातून वाढत गेलेले तलाठ्याचे गाव नमुने पाहा. जमिनीचा हक्क बदलला की फेरफार नमुना ६ मध्ये, त्याचा क्रमांक नमुना ७ वर, पीकपाणी १२ मध्ये आणि खातेदाराचा हिशेब ८-अ मध्ये. एका वहीतली खूण दुसरीत सापडलीच पाहिजे. १९७० साली एडगर कॉड नावाच्या साहेबानं आयबीएममध्ये बसून निबंध लिहिला, की माहिती तक्त्यांत ठेवा आणि सामाईक खुणेनं तक्ते एकमेकांशी जोडा. जगभरच्या बँका आज त्याच वाटेनं जातात, आमचीसुद्धा. कॉडसाहेबांना पुढे मोठं पारितोषिक मिळालं. तलाठ्याला मिळाली बदली.

आता एक गंमत. कुलकर्णी वतनं कायद्यानं गेली ती १ मे १९५१ रोजी. आणि डिजिटल सहीचा सातबारा आला तो १ मे २०१८ रोजी. म्हणजे १ मे हा दिवस सरकारनं दप्तरवाल्यांसाठीच राखून ठेवलेला दिसतो! पण पहिल्या १ मेचं मोल मोठं आहे. तोवर दप्तर जन्मानं मिळत असे. बापानंतर मुलगा, त्याला येवो न येवो. वतन गेलं आणि परीक्षा आली. भाच्याच्या मागं लागलेला तो जन्माचा अभ्यास म्हणजे वतन गेल्याची किंमत आहे, आणि ती स्वस्तच म्हणायची.

कारण नोंद हा पोरखेळ नव्हे. नवरा गेल्यावर बाईचं नाव वारस नोंदवहीत लागलं नाही, तर डोळ्यांसमोरची जमीन तिची असून नसल्यासारखी. मग कर्जासाठी बँकेत आली, की खिडकीच्या आतून आम्ही विचारणार, "उतारा कुठाय?" दप्तर राखणारा चुकला की निस्तरायला खिडकीबाहेरची माणसं असतात.

शिनोलीवरून भीमाशंकरकडे निघालात की डिंभे धरण लागतं. मूळचं आंबेगाव त्याच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला, पण तालुक्याचं नाव आजही आंबेगावच. घरं बुडाली, देवळं बुडाली, बाजारपेठ बुडाली. गावाचं नाव तेवढं दप्तराला धरून तरंगतंय.