संत्र्याचा देठ आणि केळीची भट्टी

सेलूच्या बाजारात एखादी म्हातारी बाई संत्री घेताना पाहावी. ती आधी रंग पाहत नाही. फळ हातावर तोलते, अंगठ्याने साल किंचित दाबते आणि मग फळ उलटे करून देठ न्याहाळते. "हलकं आहे रे बाबा, साल सुटली याची," असे म्हणून ते परत टोपलीत टाकते. दुकानदार कुरकुरतो खरा, पण वाद घालीत नाही. ही पारख तिला कोणी शाळेत शिकवली नाही. तरीही तिला इतिहास आहे, आणि आज त्याच्याविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

आपल्याकडचे संत्रे मूळचे इथले नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून कलमे आणवून नागपुरास लावली, असे सांगतात. त्या काळी फळ बागेतून निघाले की बैलगाडी जाईल तिथवरच त्याचा बाजार. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, वाटेत वर्धा आली, सेलू रोडचे स्थानकही त्याच मार्गावर. आता फळ मुंबई-कलकत्त्यास जाऊ लागले. म्हणजे झाले काय, तर फळ तोडणारा हात आणि खाणारे तोंड यांच्यामध्ये बरेच दिवस येऊन बसले. टिकवण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला.

इथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. केळे आणि आंबा झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. संत्र्याचे तसे नाही. ते तोडले त्या क्षणी त्याची गोडी वाढायची थांबली. म्हणून आंब्याला आढी असते, केळ्याला भट्टी असते, संत्र्याला दोन्ही नसतात. रंगावर तर मुळीच भुलू नये. संत्र्याला केशरी रंग चढतो तो बराचसा रात्रीच्या थंडीने. आंबिया बहाराचे लवकर आलेले हिरवट फळ आतून गोड असू शकते आणि पिवळेधमक फळ आतून सुकलेले. म्हातारी रंग का पाहत नाही, हे आता कळेल.

सेलू-पवनारकडच्या केळीच्या बागा एके काळी नावाजलेल्या होत्या. आज त्या फार कमी उरल्या. पण बंद खोलीत घड रचून धूर कोंडण्याची जुनी रीत अनेकांच्या आठवणीत आहे. ऊब लागते म्हणून केळी पिकतात, असे आपली माणसे समजत. ते अर्धेच खरे होते. १९०१ साली रशियात नेल्युबोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवले, की दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीन वायूने रोपांची वाढ बिघडते. हाच वायू धुरातही असतो. १९१० साली जमैकाच्या शेतकी खात्यातील कझिन्स यांनी ताकीद दिली, की जहाजात संत्री व केळी एकत्र ठेवू नयेत, केळी वेळेआधी पिकतात. पुढे १९३४ साली इंग्लंडात गेन यांनी सिद्ध केले, की पिकते फळ स्वतःच इथिलीन सोडते.

पण संत्रे तर हा वायू फारच थोडा सोडते! मग त्या जहाजात केळी पिकवली कोणी? बहुधा संत्र्यावरच्या हिरव्या बुरशीने. तीही इथिलीन सोडते. आमची आई रोज सकाळी संत्र्यांची टोपली उलटायची आणि डागी फळ वेगळे काढायची. "एक नासकं सगळ्यांना नासवतं," हे तिचे वाक्य आम्ही म्हण समजून सोडून दिले होते. ते शब्दशः खरे निघाले.

ही बुरशी अखंड सालीतून आत शिरत नाही, तिला जखम लागते. संत्रे ओढून तोडले की देठाशी साल फाटते आणि तिला वाट मिळते. म्हणून कात्रीने, देठ आखूड ठेवून कापावे. फळ आपटू नये, उन्हात ढीग लावू नये. ओले फळ तोडूच नये. शीतगृहात संत्र्याला ६ ते ७ अंश सेल्सिअस मानवते, पण केळे १३ अंशांखाली काळे पडते. तेव्हा घरच्या शीतकपाटात केळी कोंबणे म्हणजे पैसे देऊन ती बिघडवणे होय.

ज्याच्याजवळ शीतगृह नाही त्याने काय करावे? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात विटांच्या दुहेरी भिंतींचा एक हौद सुचवला. दोन भिंतींमध्ये वाळू भरायची, ती ओली ठेवायची, वर ओले झाकण घालायचे. वीज लागत नाही. तत्त्व आपल्या माठाचेच, आणि हवा जितकी कोरडी तितके ते अधिक साधते. मृग बहाराचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, ऊन चढू लागते, त्या दिवसांत आपल्या वऱ्हाड-वर्ध्याच्या हवेला हा हौद शोभणाराच.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. ज्याला आठ दिवस थांबता येते तो भाव सांगतो, ज्याला थांबता येत नाही तो भाव ऐकतो. कित्येक बागा फळ लहान असतानाच झाडावर विकल्या जातात, त्यामागे हेच भय असते. भट्टी गेली, तिच्या जागी कार्बाइड आले. कायद्याने त्यास बंदी आहे, तरी ते वापरले जाते, कारण गिऱ्हाईक रंग मागते. तेव्हा शेतकऱ्याने थांबायला शिकावे हे खरेच, पण आपणही त्या म्हातारीसारखे फळ उलटे करून पाहायला शिकावे. पारखणारे गिऱ्हाईक असेल, तर जपून तोडणाऱ्याच्या कष्टाला मोल येईल.