अंड्यावाचून कस्टर्ड

मराठी घरांत फ्रूट कस्टर्ड आता परके राहिलेले नाही. केळी, सफरचंद, द्राक्षे, वर डाळिंबाचे दाणे, आणि हे सारे सामावून घेणारे फिकट पिवळे, थंडगार, दाट दूध. पावडरच्या डब्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, म्हणून सोवळ्या घरांतही त्याला मज्जाव नाही. गंमत अशी की इंग्लंडमध्ये कित्येक शतके कस्टर्ड याचा अर्थच मुळी अंड्याने घट्ट केलेले दूध असा होता. मग ते अंडे गेले कोठे? हा धागा त्या हरवलेल्या अंड्याचा आहे.

आरंभ पुडिंगपासून करावा लागतो, आणि तो फारसा गोड नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पुडिंग म्हणजे जनावराच्या आतड्यात रक्त, चरबी आणि धान्य भरून उकडलेला पदार्थ. आतडे लागणार म्हणजे जनावर कापावे लागणार, त्यामुळे पुडिंगचा दिवस कसायाच्या दिवसाला बांधलेला. सतराव्या शतकाच्या प्रारंभी आतड्याची जागा कापडाने घेतली. पीठ, चरबी, मनुका यांचे मिश्रण ओल्या, पीठ भुरभुरलेल्या फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात सोडायचे. एका फडक्याने पुडिंगची कत्तलीपासून सुटका केली आणि ते कोणत्याही दिवशी, कोणत्याही चुलीवर होऊ लागले. भट्टी नसलेल्या घरांच्या दृष्टीने ही लहान बाब नव्हती.

कस्टर्डचे कूळ वेगळे. ‘क्रस्ट’, म्हणजे पिठाचे कवच, या शब्दाशी त्याचे नाते आहे. कारण पूर्वी दूध, साय आणि अंडी यांचे मिश्रण कवचात ओतून भाजत. त्याला घट्ट करणारी शक्ती अंड्यातील प्रथिनांची. उष्णतेने ती उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि दूध आपल्या जाळ्यात धरून ठेवतात. ज्याने खरवस खाल्ला आहे त्याला हे नवे नाही. चिकाच्या दुधातील प्रथिने वाफेवर हेच करतात, तेथे अंड्याची गरज पडत नाही इतकेच. परंतु हे जाळे नाजूक असते. भांड्यातील कस्टर्ड ऐंशी अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे गेले की प्रथिने आवळली जातात, दूध फाटल्यासारखे दिसते आणि गुठळ्या होतात. म्हणून मंद आच, सतत ढवळणे आणि उकळीची धास्ती.

शिवाय खर्च. अंडी, दूध, साखर हे तिन्ही जिन्नस एकत्र परवडणारी घरे मोजकीच. १८४५ साली एलायझा ॲक्टन यांनी आपल्या पाकपुस्तकात एक ‘प्रकाशकाचे पुडिंग’ दिले आणि एक ‘गरीब लेखकाचे पुडिंग’. पहिल्यात बदाम, मनुका, साय आणि ब्रँडी. दुसऱ्यात दूध, अंडी आणि लोणी लावलेला पाव. पाककृतींतून काढलेला हा चिमटा प्रकाशकांनी छापला, हे त्यांच्या औदार्याचे लक्षण मानावे लागेल.

याच काळात बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याची पत्नी एलिझाबेथ हिला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. म्हणजे कस्टर्ड वर्ज्य आणि पावही वर्ज्य. बर्डने १८३७ साली अंड्याऐवजी पिष्टाने घट्ट होणारी कस्टर्डची पावडर तयार केली आणि १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगवणारी बेकिंग पावडर. एकदा हे बिनअंड्याचे कस्टर्ड चुकून पाहुण्यांच्या पानात गेले, त्यांना ते आवडले आणि तेथून धंद्याची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कंपन्यांच्या उगमकथा नेहमीच अशा गोंडस असतात. ती खरी असो वा नसो, पत्नीचे पथ्य हा मात्र या साऱ्याचा पाया. डब्यावर नाव पतीचे लागले.

पावडरीत अंडे नव्हते, तरी रंग मात्र पिवळाच ठेवला गेला. बलक गेला, बलकाची आठवण तेवढी उरली.

अंड्याचा खर्च वाचला, साखरेचा राहिला. आणि साखरेचा हिशेब केवळ पैशांत मांडता येत नाही. ब्रिटिश पुडिंगांना गोडी देणारी साखर अठराव्या शतकात प्रामुख्याने कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमातून येई. १७९१ पासून हजारो ब्रिटिश कुटुंबांनी तिच्यावर बहिष्कार टाकला होता. हिंदुस्थानातून आलेली साखर गुलामांनी बनवलेली नाही, असा मजकूर छापलेली साखरेची भांडी पुढे टेबलांवर मिरवू लागली. १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. त्यात मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली, गुलामांना काहीच नाही. उलट ‘उमेदवारी’ या सभ्य नावाखाली त्यांना त्याच मळ्यांवर राबवण्यात आले आणि ही व्यवस्था १ ऑगस्ट १८३८ रोजी संपली. याचा अर्थ, एलिझाबेथसाठी पहिले कस्टर्ड शिजले त्या १८३७ साली ऊस तोडणारे हात अजून मोकळे झालेले नव्हते. एका आजारी स्त्रीसाठी मायेने शिजवलेल्या वाटीचा इतिहास इतका दूरवर पोहोचतो.

१८७४ साली ब्रिटनने साखरेवरील आयातकर पूर्णपणे काढला. साखर स्वस्त झाली, आणि पावडर, दूध, साखर एवढ्यावर भागणारे कस्टर्ड कामगारवस्तीतही शिजू लागले. बर्डच्या मुलाने धंदा वाढवला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बर्मिंगहॅमच्या डिग्बेथ भागात मोठा कारखाना उभा राहिला.

पावडरीची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. ८ जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर गेली. पुढे ताजे अंडे माणशी आठवड्याला जेमतेम एक मिळे. अशा वेळी ज्या कस्टर्डला अंडेच लागत नाही ते घराघरांत टिकले, यात नवल नाही. साखरेवरील निर्बंध उठायला १९५३ उजाडले. तोवर एक पिढी अशी वाढली होती की तिला कस्टर्ड म्हणजे पावडरीचेच ठाऊक. अंड्याचे कस्टर्ड समोर आले तर ते तिला पातळ आणि ओशट वाटावे, हा काळाचा विनोद.

भारतात कस्टर्ड दोन वाटांनी आले. एक वाट अंड्याची. साहेबांच्या बंगल्यांतील खानसाम्यांचे कॅरॅमल कस्टर्ड मुंबईच्या इराणी हॉटेलांतही रुजले, आणि पारशी लग्नांत वेलची-जायफळाचा गंध असलेले ‘लगन नु कस्टर्ड’ मानाचे ठरले. दुसरी वाट डब्याची. ज्या घरांत अंडे उंबऱ्याबाहेरच राही, तेथे बर्मिंगहॅमच्या एका स्त्रीचे पथ्य नेमके उपयोगी पडले. पुण्यातील वीकफिल्डसारख्या कंपन्यांनी ही पावडर वाण्याच्या दुकानापर्यंत नेली. दूध आटवून दाट करण्याची सवय असलेल्या गृहिणीला पाच मिनिटांत दाट होणारे दूध हाती लागले.

मात्र येथे रीत उलटी होते. अंड्याच्या कस्टर्डला उकळी चालत नाही, पावडरीच्या कस्टर्डला ती हवीच. पिष्टाचे कण गरम दुधात पाणी शोषून फुगतात तेव्हाच दूध दाट होते; कच्चे राहिले तर जिभेवर पीठ लागते. आणि पावडर आधी थंड दुधात कालवायची. थेट गरम दुधात टाकली तर प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजतो, आत कोरडे पीठ अडकते आणि मग कितीही घोटले तरी गाठी मोडत नाहीत. आजीच्या बासुंदीचा हात असलेल्यांचेही पहिले कस्टर्ड बहुधा येथेच फसते.