न्यू हॅम्पशायरची वाट आणि बाहेरचा उमेदवार

१९५२ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडच्या न्यू हॅम्पशायर या लहानशा राज्यात टेनेसीचा एक उंचापुरा सिनेटर गावोगाव फिरत होता. दिसेल त्याच्याशी हस्तांदोलन करायचे, नाव सांगायचे, मत मागायचे आणि पुढचे गाव गाठायचे, एवढाच त्याचा प्रचार. नाव एस्टेस केफॉव्हर. संघटित गुन्हेगारीच्या चौकशीची त्यांची सुनावणी टेलिव्हिजनवर दाखवली गेल्यामुळे लोक त्यांना चेहऱ्याने ओळखत होते. पक्षातल्या धुरीणांचा मात्र त्यांच्यावर रोष होता, कारण त्या चौकशीचा चिखल मोठ्या शहरांतल्या डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांच्याही अंगावर उडाला होता. समोर होते खुद्द राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन. अशा प्रायमरी, म्हणजे पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी घेतलेला मतदारांचा कौल, ही निव्वळ धूळफेक, असे ते पत्रकारांपुढे बोलून गेले होते. ११ मार्चला मते मोजली तेव्हा केफॉव्हर यांना ५५ टक्के आणि ट्रुमन यांना ४४ टक्के मते पडली होती. महिना संपायच्या आत ट्रुमन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले.

केफॉव्हर यांनी त्या वर्षी पंधरापैकी बारा प्रायमरी जिंकल्या. तरी उमेदवारी त्यांना मिळाली नाही. शिकागोच्या अधिवेशनात तिसऱ्या फेरीत पक्षाने अॅडलाय स्टीव्हन्सन यांना उभे केले. स्टीव्हन्सन यांनी एकाही प्रायमरीत आपले नाव दिले नव्हते.

बाहेरच्या उमेदवाराला कितपत संधी असते, या प्रश्नाचे उत्तर लोकप्रियतेत शोधायची आपल्याला सवय आहे. अमेरिकेचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वेगळे उत्तर देतो. मतदारांना आवडणारे उपरे उमेदवार तिथे प्रत्येक पिढीत निघाले. त्यांच्या मतांचे पुढे काय झाले, हे मात्र पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी कोण निवडतो, कोणते राज्य आधी मत देते आणि मतांचा हिशेब कसा लावला जातो, यावर ठरले.

मुळात प्रायमरी आल्या त्याच पक्षातल्या मक्तेदारीला शह द्यायला. एकोणिसाव्या शतकात अध्यक्षपदाचा उमेदवार अधिवेशनात ठरे आणि अधिवेशनाला येणारे प्रतिनिधी राज्याराज्यांतले पुढारी आपापल्या खिशातून काढत. विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही निवड थेट मतदारांकडे न्यायचा आग्रह धरला. पहिली मोठी कसोटी १९१२ साली लागली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्याच पक्षाच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, विल्यम टाफ्ट यांच्याविरुद्ध उतरले आणि बहुतेक प्रायमरी त्यांनी जिंकल्या. टाफ्ट यांचे स्वतःचे ओहायो राज्यसुद्धा. पण प्रायमरी होत्याच डझनभर राज्यांत. उरलेले प्रतिनिधी पक्षयंत्रणेच्या मुठीत होते आणि वादग्रस्त प्रतिनिधींचे निवाडेही त्याच यंत्रणेने केले. टाफ्ट उमेदवार झाले, रूझवेल्ट यांनी वेगळी चूल मांडली आणि या भांडणात डेमोक्रॅट वुड्रो विल्सन निवडून आले.

पुढची पाच दशके हेच चालले. प्रायमरी जिंकणे हा पक्षश्रेष्ठींना दाखवायचा दाखला होता, हक्क नव्हता. जॉन केनेडी यांनी १९६० साली तो दाखला नेमका वापरला. ते कॅथलिक, प्रोटेस्टंट मतदार आपल्याला मत देतील का, ही पुढाऱ्यांची शंका. मे महिन्यात कोळसा खाणींच्या, जवळजवळ सगळ्या प्रोटेस्टंट वस्तीच्या वेस्ट व्हर्जिनियात त्यांनी ह्यूबर्ट हम्फ्री यांना ६१ विरुद्ध ३९ टक्क्यांनी हरवले. हम्फ्री भाड्याच्या बसने फिरत होते आणि केनेडींकडे घरच्या पैशाचे विमान होते, हेही विसरता येत नाही. निकालानंतर पुढाऱ्यांची शंका फिटली. पण फिटवायची होती ती पुढाऱ्यांचीच.

ही व्यवस्था मोडली ती १९६८ साली, आणि फार मोठी किंमत देऊन.

मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी नोव्हेंबर १९६७ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना आव्हान दिले ते व्हिएतनाम युद्धाच्या प्रश्नावर. त्यांच्या आधी युद्धविरोधकांची इतरांना गळ घालून झाली होती. कुणी तयार झाले नव्हते. मॅकार्थी कवितेत रमणारे, काहीसे अलिप्त गृहस्थ. ते काही करून दाखवतील असे वॉशिंग्टनमध्ये कुणाला वाटत नव्हते. पण जानेवारीच्या शेवटी व्हिएतनाममध्ये टेट आक्रमण झाले, युद्ध आटोक्यात असल्याच्या सरकारी दाव्यांवरचा विश्वास उडाला आणि विद्यापीठांतली शेकडो मुले न्यू हॅम्पशायरच्या बर्फात येऊन दाखल झाली. मतदार बिथरू नयेत म्हणून मुलांनी दाढ्या काढल्या, केस कापले. मुलींनी साधे, लांब स्कर्ट घातले. ज्यांना केस कापायचे नव्हते त्यांना मागच्या खोलीत पाकिटे भरायच्या कामाला बसवले. बाकीची मुले दारोदार गेली आणि भाषण न देता लोकांचे ऐकून घेऊ लागली.

जॉन्सन यांच्या बाजूने काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. राष्ट्राध्यक्षांनी मतपत्रिकेवर नाव दिलेले नव्हते, त्यामुळे मतदाराने ते हाताने लिहायचे होते. स्थानिक पुढाऱ्यांनी म्हणून क्रमांक घातलेली, तीन तुकड्यांची वचनपत्रे छापून घेतली. मतदाराने सही करायची. एक तुकडा त्याच्याकडे, एक पक्षाकडे आणि एक थेट व्हाइट हाउसकडे जायचा. ग्रॅनाइटच्या या डोंगराळ राज्यातली माणसे आपल्या स्वतंत्र बाण्याला जपणारी. गुप्त मतदानाचे काय झाले, असा प्रश्न मॅकार्थींच्या जाहिरातींनी विचारला आणि तो मतदारांच्या वर्मी लागला.

१२ मार्चला जॉन्सन यांना ४९ टक्के आणि मॅकार्थींना ४२ टक्के मते मिळाली. म्हणजे मॅकार्थी हरले. पण जॉन्सन यांच्या समर्थकांनी प्रतिनिधींच्या जागांसाठी गरजेपेक्षा जास्त माणसे उभी केल्याने त्यांची मते आपसात फुटली आणि चोवीसपैकी वीस प्रतिनिधी मॅकार्थींच्या पदरात पडले. चार दिवसांनी जॉन केनेडी यांचे बंधू रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले. ३१ मार्चला जॉन्सन यांनी माघार घेतली.

पुढचा घटनाक्रम आजही वाचवत नाही. जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्री केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोत पक्षाने उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्री यांना पहिल्याच फेरीत उमेदवारी दिली. मॅकार्थी आणि केनेडी या दोघांना मिळून प्रायमरीतली दोन तृतीयांशाहून अधिक मते पडली होती. हम्फ्री कुठल्याच प्रायमरीत उतरले नव्हते. अधिवेशन चालू असताना शहरातल्या रस्त्यांवर पोलीस तरुणांना लाठ्यांनी झोडपत होते आणि देश ते टेलिव्हिजनवर बघत होता.

या लाजेपोटी पक्षाने नियम बदलायला समिती नेमली. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न तिचे पहिले अध्यक्ष. जुन्या पद्धतीचे नमुने चीड आणणारे होते. जॉर्जियात तर अधिवेशनाची सगळी यादी पक्षाध्यक्षाने गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांच्या संमतीने ठरवली होती. मॅडॉक्स हे वंशभेदाचे उघड पुरस्कर्ते. कित्येक राज्यांत निवडणुकीचे वर्ष उजाडायच्या आतच प्रतिनिधी ठरून गेलेले असत. नव्या नियमांनी हे बंद केले. प्रतिनिधी त्याच वर्षी, जाहीर सूचना देऊन, सर्वांना खुल्या प्रक्रियेने निवडायचे ठरले. ते बंधन पाळायचा सोपा मार्ग म्हणून राज्यांनी भराभर प्रायमरी स्वीकारल्या. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरी पंधरा-सोळा राज्यांत होत. १९७६ पर्यंत त्या तिसाच्या आसपास गेल्या.

नव्या दारातून १९७२ साली सर्वांत धाडसाने कोण आत शिरले असेल, तर शर्ली चिशोम. काँग्रेसमध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. जानेवारीत ब्रुकलिनमध्ये त्यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा ना पैसा होता, ना संघटना. कृष्णवर्णीय पुरुष नेते त्यांच्यापासून दूर राहिले आणि अनेक स्त्रीवादी नेत्याही कचरल्या. टेलिव्हिजनवरच्या चर्चेत जागा मिळवायलाही त्यांना दाद मागावी लागली. तरी मायामीच्या अधिवेशनात १५२ प्रतिनिधींची मते त्यांना पडली. त्या वर्षीची उमेदवारी मॅकगव्हर्न यांनी पटकावली आणि नोव्हेंबरमध्ये पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये गमावली. नव्या नियमांना दोष द्यायला टपलेल्यांना तेवढे पुरले.

नवे नियम शेवटपर्यंत वाचणारा माणूस त्याच जॉर्जियातून निघाला. जिमी कार्टर तिथले गव्हर्नर, घरचा धंदा भुईमुगाचा. १९७३ साली एका टेलिव्हिजन कोड्याच्या कार्यक्रमात ते पाहुणे म्हणून बसले. त्यांना पाहून कुणीही ओळखले नाही. ते अध्यक्षपदाला उभे राहणार असे कळल्यावर अटलांटाच्याच वर्तमानपत्राने ‘जिमी कोण?’ अशा थाटाचा मथळा दिला. त्यांचा तरुण सहकारी हॅमिल्टन जॉर्डन याने मात्र १९७२ च्या नोव्हेंबरातच एक लांबलचक टिपण लिहून ठेवले होते. त्याचा गाभा असा की, सुरुवातीच्या लहान राज्यांत अनपेक्षित यश मिळवायचे, म्हणजे वर्तमानपत्रे पुढचे काम करतील.

सुरुवातीचे राज्य होते आयोवा. तिथे प्रायमरी नव्हे, कॉकस होतो. जानेवारीतल्या थंड रात्री शेजारीपाजारी शाळेत, अग्निशमन केंद्रात नाहीतर कुणाच्या दिवाणखान्यात जमतात, चर्चा करतात आणि २०२० पर्यंत डेमोक्रॅट तर चारचौघांदेखत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. कार्टर यांनी १९७५ सालभर आयोवाच्या खेपा केल्या. हॉटेलऐवजी कार्यकर्त्यांच्या घरी मुक्काम करायचा आणि सकाळी आपले अंथरूण आपणच नीट करून निघायचे, अशी त्यांची रीत. आता १९ जानेवारी १९७६ चा निकाल पाहा. साधारण ३८ हजार माणसे कॉकसला आली. सर्वाधिक, म्हणजे ३७ टक्के, ‘अजून ठरलेले नाही’ या गटात राहिली. कार्टर यांना जेमतेम २८ टक्के. पण नाव असलेल्या उमेदवारांत ते पहिले होते, आणि त्या रात्री ते आयोवात थांबलेही नव्हते. ते न्यूयॉर्कला पोचले होते, सकाळच्या टेलिव्हिजन कार्यक्रमांसाठी.

न्यू हॅम्पशायरमध्ये जॉर्जियातून आलेले ‘पीनट ब्रिगेड’ दक्षिणी हेल काढत दारे ठोठावत होते. उदारमतवादी मते युडाल, बाय, हॅरिस आणि श्रायव्हर अशा चौघांत विभागली गेली आणि कार्टर तीस टक्क्यांच्याही आत राहून पहिले आले. नवा पैशाचा कायदाही मदतीला होता. वीस राज्यांत प्रत्येकी पाच हजार डॉलर छोट्या देणग्यांतून जमवणाऱ्या उमेदवाराला सरकार प्रत्येक देणगीतल्या २५० डॉलरपर्यंत तेवढीच भर घालत होते. ऑलमन ब्रदर्स या दक्षिणेतल्या रॉक बँडने कार्टर यांच्यासाठी मैफल केली, तिकिटांचा पैसा आला आणि त्यावर सरकारी भर. मार्चमध्ये फ्लोरिडात त्यांनी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना हरवले. सिनेटर फ्रँक चर्च आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी उशिरा उतरून काही राज्ये जिंकली; तोवर कार्टर यांचे प्रतिनिधी जमून गेले होते.

पक्षश्रेष्ठी एवढ्यावर स्वस्थ बसले नाहीत. १९८४ पासून डेमोक्रॅट पक्षाने खासदार आणि पदाधिकाऱ्यांना ‘सुपरडेलिगेट’ म्हणून थेट मत दिले. त्याच वर्षी कोलोरॅडोचे गॅरी हार्ट आयोवात १६ टक्के मते मिळवून दुसरे आले, आठवड्याने न्यू हॅम्पशायर जिंकले आणि तरी माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मोंडेल यांच्यापुढे टिकले नाहीत. दोनदा उभे राहिलेले कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन १९८८ साली हरले, पण जाताना एक गोष्ट मिळवून गेले. जिंकणाऱ्याला झुकते माप देण्याऐवजी मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटण्याचा नियम त्यांनी पक्षाकडून पक्का करून घेतला. त्याचे फळ वीस वर्षांनी बराक ओबामा यांना मिळाले. ५ फेब्रुवारी २००८ रोजी न्यू जर्सीत दहा लाखांवर मतदान झाले आणि हिलरी क्लिंटन यांना ओबामांपेक्षा अकरा प्रतिनिधी जास्त मिळाले. त्याच दिवशी आयडाहोच्या कॉकसला वीस-एकवीस हजार माणसे आली; तिथे ओबामांनी बारा प्रतिनिधींची आघाडी घेतली.

रिपब्लिकनांचा हिशेब याच्या उलटा. २० फेब्रुवारी २०१६ ला साउथ कॅरोलिनात डोनाल्ड ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मते मिळाली आणि राज्यातले पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी त्यांच्याकडे गेले. शर्यतीत सतरा जण उतरले होते. विरोधी मते फुटत राहिली. सरकारी पद किंवा लष्करी सेवा यांपैकी काहीच गाठीशी नसलेला माणूस अशा रीतीने प्रथमच राष्ट्राध्यक्ष झाला. उमेदवारांच्या गर्दीचा हा फायदा खालच्या पातळीवर एका मराठी माणसालाही झाला. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःचा पैसा ओतून तिसरे आले होते. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात उमेदवारांची रीघ लागली, तेव्हा २८ टक्क्यांच्या आसपास मते त्यांना पुरली आणि ते काँग्रेसमध्ये पोचले.

२०२४ साठी डेमोक्रॅट पक्षाने वेळापत्रकच फिरवले आणि पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला. आपली प्रायमरी सर्वांत आधी झालीच पाहिजे, असा न्यू हॅम्पशायरचा १९७५ पासूनचा कायदा. राज्याने तो पाळून २३ जानेवारीला मतदान घेतले. राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. समर्थकांनी ते हाताने लिहिले. त्यांच्याविरुद्ध उभे होते मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स. बायडन यांच्या वयामुळे पक्षाचा पराभव होईल, असे ते कंठशोष करून सांगत होते. त्यांना २० टक्क्यांच्या आसपास मते पडली, पक्षातून त्यांना हेटाळणी सोसावी लागली आणि मार्चमध्ये ते बाजूला झाले. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. त्यांच्या नावावर निवडून आलेल्या प्रतिनिधींनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. हॅरिस यांनी याआधी एकदा ही शर्यत धरली होती; त्या वेळी पहिले मत पडायच्या आत, डिसेंबर २०१९ मध्येच, त्या बाहेर पडल्या होत्या.